फोन जमा करून घे, जप्त करू नकोस

पोरी,

तुझं पत्र नीट वाचलं. नववीच्या वर्गात सापडलेला फोन तू आठवडाभर कपाटात ठेवलास, त्या मुलाची आई शाळेत येऊन भांडून गेली, आणि आता बंदी घालावी की परवानगी द्यावी असं विचारतेस. वर्ग चालू असताना फोन पोराच्या हाताशी नको, यावर आपलं दुमत नाही. एकदा लक्ष उडालं की अभ्यासावर परतायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात, असं युनेस्कोचा २०२३ चा अहवाल सांगतो. आपला तास पस्तीस मिनिटांचा. खरा प्रश्न फोन काढून घ्यायचा कसा, हा आहे. जमा करून घे, जप्त करू नकोस.

आठवडाभर त्या घरात काय अडकलं ते बघ. गावाकडून येणाऱ्या पोराच्या दप्तरातला फोन बहुतेकदा घरचा असतो. दहा दिवसांचं दूधबिल जमा झाल्याचा मेसेज त्यावर, गॅसचा ओटीपी त्यावर, बापाला कामावर बोलावणारा फोनही त्यावरच. शिक्षा आईला झाली. पोरगं मात्र पुढच्या वेळी फोन लपवून आणायला शिकलं.

आता कामाचं. आधी पालकांचं पत्र घे: फोन का लागतो, कुठली कंपनी, काच आधीच कुठे तडकलीय. तडा नोंदवला नाहीस तर जूनमधला तडा दिवाळीत तुझ्या नावावर येतो. पत्र्याच्या पेटीत फोन टाकू नकोस, एकमेकांवर आपटतात. जाड कॅनव्हासचे कप्पे शिवून घे, चार इंच रुंद, साडेपाच इंच खोल, म्हणजे फोनचं डोकं वर दिसतं. कप्प्यावर हजेरी नंबर. एक फोन दोनशे ग्रॅमचा धरला तर चाळीस फोनांचे आठ किलो होतात, भिंतीतला खिळा उपटून येईल. कपाटात आडवी सळई टाकून त्यावर अडकव. चार्जिंग कपाटात अजिबात नाही. पाठ उचललेला, फुगलेल्या बॅटरीचा फोन कप्प्यात दाबून बसवू नकोस; वेगळा ठेव आणि पालकांना त्याच दिवशी कळव.

परिपाठाआधी पोरानं तुझ्यासमोर स्क्रीन लावून दाखवायची, मग फोन स्वतःच्या हातानं पूर्ण बंद करायचा. सायलेंट चालत नाही, लोखंडी कपाटात व्हायब्रेशन सगळ्या वर्गाला ऐकू जातं. आणि स्क्रीन बघितलीच पाहिजे, कारण पोरं घरातला मेलेला जुना हँडसेट जमा करतात आणि चालू फोन दप्तरात ठेवतात. वहीत देताना सही, घेताना सही. शेवटच्या तासाची पाच मिनिटं परत करण्यासाठी राखून ठेव, एसटी गाठणाऱ्या मुलींना आधी दे. घंटा झाल्यावर वाटायला बसलीस तर रेटारेटीत कुणाचा फोन कुणाकडे जाईल सांगता येत नाही.

तरीही तासाला फोन सापडला तर? वहीत नोंद, कप्प्यात फोन, संध्याकाळी परत. दुसऱ्यांदा सापडला तर पालकांना बोलाव, पण फोन त्याच संध्याकाळी परत. या बाबतीत मी हटून बसतो असं सहकारी म्हणतात. बसतोच. संध्याकाळी परत मिळणार याची खात्री असली की पोरगं सकाळी फोन पुढे करतं, आणि पुढे केलेल्या फोनावरच ही सगळी व्यवस्था चालते. पासवर्ड मागायचा नाही, गॅलरी उघडायची नाही. काही गंभीर वाटलं तर फोन बंद ठेवून मुख्याध्यापक आणि पालकांसमोर बोल.

'पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड मग कसे बघायचे?' हे विचारू नकोस, बाई. दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून घे आणि तुझ्या एका फोनवरून प्रोजेक्टरला जोड. प्रत्येकाला फोन काढायला लावलास की ज्याच्याकडे नाही तो शेजाऱ्याच्या मांडीकडे बघत बसतो. आणि तुझा स्वतःचा फोन? वरून मागवलेली माहिती, उपक्रमाचे फोटो, सगळं ऑफ तासाला पाठव. तू तासाला मेसेज बघितलास की तुझी वही कुणी मानत नाही.

पालक फोन देतात ते भीतीपोटी, आणि आपल्याकडे ती भीती खोटी नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांची पोरं तेव्हा शाळेत बसलेली असू शकतात. फोन जमा करून घेतलास तर तेवढ्या तासांत घरच्यांचा निरोप पोरापर्यंत पोचवणं शाळेच्या अंगावर येतं. ऑफिसच्या फोनवर शाळा सुटेपर्यंत माणूस बसलेला हवा, त्याचा नंबर प्रत्येक घरी हवा, आणि पाणी वाढायला लागलं की त्या गावांच्या पोरांचे फोन शाळा सुटायची वाट न बघता हातात द्यायचे. त्यासाठी गावनिहाय यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटव, जूनमध्येच. जुलैत वेळ मिळत नाही.

तुझा,
सर