कर्सिव्ह लेखनाची सुरुवात कधी करावी?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असून सीनियर केजीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेने कर्सिव्ह, म्हणजे इंग्रजी अक्षरे एकमेकांना जोडून लिहिणे, सुरू केले आणि तेव्हापासून चार रेघी वही पुढ्यात ठेवली की तो रडू लागतो. पेन्सिल इतकी दाबून धरतो की टोक सारखे मोडते. अक्षराला वळण लहानपणीच लागते, असे माझ्या सासऱ्यांचे म्हणणे आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला हस्ताक्षराच्या क्लासला घालावे का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : या सुट्टीत तरी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वळण लहानपणी लागते हे खरेच; पण हाताची तयारी झालेली नसताना रोज पानभर गिरवून घेतले, तर चुकीचे वळणही तितकेच पक्के बसते.

ही तयारी इयत्तेवरून ठरत नाही, ती मुलाच्या हातात दिसते. त्याला कोऱ्या कागदावर गोल, चौकोन आणि त्रिकोण पाहून काढायला सांगा. बहुतेक मुलांना गोल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, चौकोन साडेचारच्या आसपास आणि तिरप्या रेघांमुळे त्रिकोण पाच वर्षे उलटल्यावरच जमतो. कर्सिव्हमध्ये तर तिरप्या रेघा आणि वळसेच अधिक. गोल काढताना हात कोणत्या दिशेने फिरतो, हेही शेजारी बसून पाहा. ए, सी, डी, जी, ओ ही अक्षरे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळतात. मूल ती सुलट दिशेने काढत असेल तर छापील अक्षर दिसायला ठीक दिसते, पण कर्सिव्हमध्ये पुढच्या अक्षराला जोडणारी रेघ तिथून निघतच नाही. छापील स्मॉल लिपी न पाहता लिहिता येणे, बी आणि डी यांची गल्लत थांबणे आणि पेन्सिल तीन बोटांत सैल धरून बोटांनी फिरवता येणे, इतके झाले की सुरुवात करावी. टोक वारंवार मोडते, त्या अर्थी तुमच्या मुलाची बोटे अजून आखडलेली आहेत.

इंग्रजी माध्यमातील आपल्या मुलांवर आणखी एक भार असतो. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे. म्हणजे शिरोरेघेखाली लोंबणारी देवनागरी अक्षरे आणि खालच्या रेघेवर बसणारी इंग्रजी अक्षरे हे मूल एकाच काळात शिकणार, आणि त्यात कर्सिव्हची तिसरी पद्धत लादली की गोंधळ उडणारच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचे वय सहा धरले आहे, तुमचा मुलगा तर अजून पहिलीतही नाही. वर्गशिक्षिकांना भेटून, काही महिने त्याला छापील अक्षरांतच लिहू द्यावे, अशी विनंती अवश्य करा. ती करताना संकोच वाटू देऊ नका.

सुट्टीत पाटीवर खडूने मोठे वळसे काढणे, कणकेचे गोळे करणे, कात्रीने कागद कापणे एवढे पुरे. पुढे सुरुवात कराल तेव्हा एबीसीडीच्या क्रमाने जाऊ नका. आधी आय, यू, टी, मग सी, ए, डी आणि वरच्या बाजूने जोडली जाणारी बी, ओ, व्ही, डब्ल्यू ही अक्षरे सर्वांत शेवटी घ्या. रोज दहा मिनिटांहून अधिक बसवू नये. सात वर्षे पूर्ण झाल्यावरही छापील अक्षरे लिहिताना हात दुखत असेल, तर मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (लेखनासारखी रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाचा) सल्ला घ्यावा.