ब्रोकरकडून उधार घेऊन शेअर घ्यावेत का?

ताई, तुमच्या पत्राचा गोषवारा असा: निवृत्तीच्या रकमेतले ४ लाख शेअरसाठी बाजूला काढलेत. ओळखीचा सब-ब्रोकर (ब्रोकरचा स्थानिक एजंट) म्हणतो, आणखी ६ लाख आम्ही घालतो, १० लाखांचे शेअर घ्या. व्याज वर्षाला १५ टक्के, ब्रोकरेज (दलाली) अर्धा टक्का. घ्यावेत का?

नका घेऊ.

तो तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. हे मार्जिन ट्रेडिंग, म्हणजे थोडे स्वतःचे आणि बाकी ब्रोकरचे पैसे घालून शेअर घेणं; ते शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमात बसतं. पण त्याचं पोट कशावर चालतं ते बघा. तुमच्या नफ्यात ब्रोकरचा वाटा नसतो. खरेदी झाली की ब्रोकरेज, विक्री झाली की पुन्हा ब्रोकरेज, मग तुम्ही तोट्यात का विकेनात. त्यातलाच हिस्सा सब-ब्रोकरला जातो. ४ लाखांच्या खरेदीवर २,००० रुपये सुटतात, १० लाखांवर ५,०००. वर ६ लाखांचं व्याज ब्रोकरलाच.

आता तुमची बाजू. वर्षाचं व्याज ९०,०००. घेताना-विकताना मिळून ब्रोकरेज साधारण १०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,८००. एसटीटी, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा सरकारी कर, दोन्ही वेळा ०.१ टक्का, म्हणजे २,०००. झाले १,०३,८००. म्हणजे शेअर वर्षात दहा टक्क्यांहून जास्त चढले, तरच तुमचा पहिला रुपया सुटणार. दहा टक्के वाढीचं वर्ष चांगलंच म्हणायचं, आणि ते अख्खं त्यांच्या खिशात!

मला खरी काळजी पडझडीची वाटते. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला. तुमच्या १० लाखांवर तो १ लाख ३० हजारांचा खड्डा, आणि तो सगळा तुमच्या ४ लाखांतून. अशा वेळी ब्रोकर आणखी मार्जिन, म्हणजे तुमच्या वाट्याचे जादा पैसे, मागतो; भरलं नाही तर शेअर विकून टाकतो. स्वतःच्या पैशाचे शेअर असले की माणूस कळ काढू शकतो. उधारीच्या शेअरना ती मुभा नसते.

ब्रोकर बदलायची गरज नाही. फक्त स्वतःच्या पैशाने घ्या, तेही ४ लाख एकदम न घालता वर्षभरात थोडे थोडे. अर्धा टक्का मात्र जास्त आहे, कमी करून मागा, बहुतेक करतात. आणि मेलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराचं बिल, उघडून ब्रोकरेजचा रकाना दर वेळी बघा. मोबाईलवर शेअर गहाण ठेवण्याचा ओटीपी आला, तर तो कशासाठी आहे ते कळल्याशिवाय टाकू नका.