फिनलंडमध्ये टाइप १ मधुमेह (ज्यात प्रतिकारपेशी शरीराच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतात) सीमेपलीकडच्या रशियन करेलियापेक्षा सुमारे ६ पट का? आतड्यातले जंतू कारणीभूत आहेत का?

अंशतः, बहुधा. धोक्याची जनुकं दोन्हीकडे साधारण सारखीच आहेत, त्यामुळे संशय वातावरणावर जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन करेलियातल्या २२२ बाळांची शी जन्मापासून ३ वर्षांपर्यंत तपासली. फिनिश आणि एस्टोनियन बाळांत बॅक्टेरॉइडिस गटाचे जंतू जास्त सापडले, रशियन बाळांत सुरुवातीला ई. कोलाय आणि बिफिडोबॅक्टेरियम.

खरी गोम जंतूंच्या बाह्य आवरणातल्या एलपीएस या रेणूत आहे. ई. कोलायच्या एलपीएसच्या लिपिड भागाला ६ मेदाम्ल-शेपट्या असतात. त्या प्रतिकारपेशींवरच्या टीएलआर४ या ग्राहीला (जंतूंचा इशारा टिपणाऱ्या रेणूला) जोरात जागं करतात आणि त्या पेशींना पुढे संयम शिकवतात. बॅक्टेरॉइडिसच्या रेणूला ४-५च शेपट्या. तो रेणू ग्राहीला उठवत नाहीच, उलट ई. कोलायचा इशाराही दाबतो. मधुमेहप्रवण उंदरांना ई. कोलायचं एलपीएस टोचल्यावर मधुमेह उशिरा आणि कमी झाला, बॅक्टेरॉइडिसच्या एलपीएसने फरक पडला नाही.

उंदरांवरून थेट बाळांवर उडी मारू नये. ई. कोलाय मिळावेत म्हणून अस्वच्छ पाणी पाजणं हा यावरचा उपाय नव्हे, त्यातून जुलाबच होतील. प्रोबायोटिकच्या पुड्यांनी टाइप १ टळतो असंही सिद्ध झालेलं नाही.