स्लीव्ह सर्जरीचे फायदे-धोके काय, आणि ती सासरी न सांगता उरकता येते का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं वय ३६, वजन १०८ किलो, शुगर सुरू झाली आहे, डॉक्टरांनी स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करण्याची सर्जरी, सुचवली आहे. फायदे-धोके विचारलेत, आणि शेवटी सहज म्हणून, 'सासरी कळू न देता होईल का?' फायदे-धोके सर्जन सांगतीलच. मी लिहायला बसले ती त्या शेवटच्या ओळीसाठी, कारण मी ते करून बसले आहे.

१९ ऑगस्ट २०१९ ला नागपूरच्या रामदासपेठेत माझी स्लीव्ह झाली. उंची पाच फूट दोन इंच, वजन ११२. दोन-दोन गोळ्या खाऊनही तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.४. झोपेत श्वास अडकायचा. महाल भागातल्या आमच्या घराचा जिना चढताना मध्येच पायरीवर बसावं लागायचं. ऑपरेशनचा निर्णय माझा होता. 'हर्नियाचं म्हणून सांगू' हा निर्णय यांचा. म्हणे भासरे, जाऊबाई, आत्याबाई सगळे बोलतील की हिला जिभेवर ताबा ठेवता आला नाही म्हणून पोट कापून घेतलं. मी हो म्हटलं. मलाही तेव्हा लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी घरी आले. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, असं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद कपाटात, साड्यांच्या खाली. आणि अठराव्या दिवशी महालक्ष्म्या.

ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांना काही सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणपोळी, वरून तुपाची धार. सासूबाई तेव्हा ७२ वर्षांच्या, सकाळपासून सोवळ्यात उभ्या. मला म्हणाल्या, "हर्नियाला पुरणपोळी कुठं बाधते बाई? महालक्ष्मीच्या पानावरून उपाशी उठू नये." पंगतीत सगळे बघत होते. मी अर्धी पोळी आणि वड्याचे दोन घास खाल्ले. दहा मिनिटांत छातीच्या खाली कोणी मूठ आवळून धरावी तसं झालं. रात्रभर उलट्या. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा टिकेना. भासऱ्यांनी प्रेमानं अॅसिडिटीची गोळी आणून दिली, जाऊबाईंनी ओवा दिला, शेजारच्या काकूंनी पेनकिलर दिली. त्यांची काय चूक? त्या सगळ्या हर्नियाच्या पेशंटची काळजी घेत होत्या. हे म्हणत राहिले, 'उद्यापर्यंत बघू', कारण हॉस्पिटलात नेलं की सगळं उघडं पडलं असतं. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद, नाडी १२४.

डॉक्टरांचा चेहरा बघून मी घाबरले. स्लीव्हमध्ये जठराचा पंचाहत्तर-ऐंशी टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि उरलेली केळ्याएवढी नळी स्टेपलरनं शिवतात. ती शिवण कुठं उसवली तर आतलं पोटात गळतं. त्याला ते लीक म्हणतात. शंभरात एखाद्याच्या आसपास होतं, घरी गेल्यावरही होऊ शकतं, आणि त्याची पहिली खूण बरेचदा पळणारी नाडीच असते. सीटी स्कॅन केला. लीक नव्हतं. नळीला सूज आलेली आणि अंगातलं पाणी संपलेलं. चार दिवस सलाइन, त्यात थायमिन म्हणजे बी-१ ची इंजेक्शनं, कारण सतत उलट्या झाल्या की ते जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं आणि मेंदू-नसांना कायमची इजा होऊ शकते.

वॉर्डात सासूबाईंना खरं कळलं. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. पोराकडे बघून म्हणाल्या, "काहून नाही सांगितलं रे? मी तिला मुगाचं कढण करून दिलं नसतं का? माझ्या हातानं तिला खाऊ घातलं ना मी." पुढचा महिनाभर मिक्सर त्यांच्याच ताब्यात होता. ज्यांच्यापासून लपवलं त्यांनीच मला उभं केलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. वजन दीड वर्षात ७८ वर आलं, आज ८४ आहे. म्हणजे थोडं परत येतं, बहुतेकांचं येतं. शुगरच्या गोळ्या तीन वर्षं पूर्ण बंद होत्या, आता एक लहान गोळी आहे. श्वासासाठी झोपताना लावायचं मशीन सुटलं. भूक लावणारं घ्रेलिन जठराच्या कापलेल्या भागात जास्त तयार होतं, म्हणून पहिलं वर्ष भूक खरंच शांत असते, आणि सवयी बदलायला तेवढाच काळ मिळतो. धोके: रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, लीक. मृत्यूचं प्रमाण हजारात एक-दोनच्या घरात. वजन भराभर उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात. चौथ्या महिन्यात माझे केस मुठीनं गेले, नंतर आले. बी-१२, लोह, डी यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. आणि जळजळ. ही मला कायमची लागली, उशाकडून पलंग उंच केलाय, तर्री-पोहे पाच वर्षांत खाल्लेले नाहीत. बहिणीला आधीपासून छातीत जळजळ असेल तर आधी एंडोस्कोपी करून घ्या आणि गॅस्ट्रिक बायपासबद्दल (हृदयाचं नाही, वजनासाठीचंच दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन) स्पष्ट विचारा. जळजळ असणाऱ्याचा त्रास स्लीव्ह वाढवू शकते. कापलेलं जठर परत जोडता येत नाही. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं, आणि हे तर सासरी न सांगता कसं निभावणार?

'शॉर्टकट' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, त्यांना माझा गोळ्यांचा डबा दाखवते.

मी डॉक्टर नाही, हे आधीच म्हणायला हवं होतं. आता वजनाची इंजेक्शनंही आली आहेत, मौनजारो आणि वेगोवी २०२५ मध्ये भारतात आली. त्यांचंही विचारा. विम्यासाठी साधारण बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४०, किंवा गंभीर आजार असेल तर ३५ अशी अट असते, पॉलिसी वाचा. आणि नागपुरात असाल तर एप्रिल-मेमध्ये करू नका. घोट-घोट करून दिवसाला दीड लिटर पाणी पोटात घालणं ४५ डिग्रीत फार कठीण जातं.

बहिणीच्या सासरी स्वयंपाक ज्या बाईच्या हातात आहे तिला ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांसमोर बसवा. नाडी १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यातली कळ, दम, पाणी न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर घरचं औषध न देता त्याच रात्री हॉस्पिटल, हे तिला पाठ हवं. आहाराचा कागद फ्रिजवर लावा.

हे अजूनही म्हणतात की सांगितलं असतं तर लोक बोलले असते. बोलले असते, खरं आहे. दोन दिवस बोलले असते. मी ते दोन दिवस पाण्याच्या घोटाविना काढले. हे उत्तर ते वाचणार आहेत, वाचू देत.