टिकटिकणारी हार्ड डिस्क कोणाच्या हाती द्यावी?

प्रश्न: माझी दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क टेबलावरून पडली. आता ती लावली की टिक-टिक असा आवाज येतो आणि कॉम्प्युटरवर दिसतच नाही. आईच्या आवाजातली सगळी रेकॉर्डिंग्ज तिच्यातच आहेत, दुसरीकडे कॉपी नाही. दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने फोनवरच रक्कम सांगितली आणि शंभर टक्के डेटा मिळेल अशी हमी दिली. दुसरा म्हणाला, डिस्क पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. भाऊ म्हणतो, आधी फ्रीजरमध्ये ठेवून बघू. काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी डिस्क काढून बाजूला ठेवा. ‘एकदाच बघू’ म्हणूनसुद्धा पुन्हा लावू नका. पडल्यानंतर अशी टिकटिक सुरू झाली की दोष बहुतेक वेळा हेडमध्ये, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागात असतो. हेड डेटा साठवणाऱ्या गोल तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि खाली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेत असते. बिघडलेलं हेड तिला टेकलं तर डेटा ज्या थरावर आहे तो थरच खरवडला जातो.

हे काम मी रोज करते. अशी डिस्क उघडली की माझी नजर आधी आतल्या छोट्या पांढऱ्या फिल्टरवर जाते. तो पांढरा असेल तर जीव भांड्यात पडतो. राखाडी झाला असेल तर तबकडीची भुकटी त्यावर जमली आहे, आणि त्या भुकटीतला डेटा जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. कितीतरी वेळा ही भुकटी पडल्यामुळे नव्हे, तर नंतर वारंवार चालू करून पाहिल्यामुळे झालेली असते.

फ्रीजरचा विचार सोडून द्या. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर बाष्प धरतं, म्हणजे एका दुखण्याची दोन होतात.

तुमच्या दोघांपैकी मी दुसऱ्याकडे जाईन. डिस्क न बघता कोणीही शंभर टक्क्यांची हमी देऊ शकत नाही, कारण तबकडीची अवस्था उघडल्याशिवाय कळतच नाही. पण ‘पाहून सांगतो’ एवढ्यावरही डिस्क सोपवू नका. ती उघडणार कुठे, हे विचारा. क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त खोली, किंवा निदान गाळलेल्या हवेचं लॅमिनार फ्लो केबिन हवंच. काम स्वतः करता की पुढे पाठवता, हेही विचारा. पुढे पाठवत असतील तर कोणाकडे, ते कळायला हवं. नवं हेड बसवायला जुळणारी डोनर डिस्क, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे अशी दुसरी डिस्क लागते. ती कशी मिळवणार आणि तिचा खर्च कोणाचा? हेड बदलल्यावर आधी सेक्टर-दर-सेक्टर इमेज, म्हणजे तुकड्या-तुकड्याने डिस्कची हुबेहूब कॉपी घेऊन पुढचं सगळं काम त्या इमेजवर करतात ना? मूळ डिस्कवरच रिपेअर सॉफ्टवेअर किंवा विंडोजमधलं चेकडिस्क चालवणारा माणूस असेल तर तिथून उठा.

पैशांचं सगळं लेखी घ्या. ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण डेटा म्हणजे नेमकं काय? हजारो निरुपयोगी सिस्टिम फाइल्स मिळाल्या आणि आईचं एकही रेकॉर्डिंग मिळालं नाही, तरी बिल लागणार का? म्हणून पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइल्सची यादी मागा आणि त्यातल्या दोन-तीन उघडून ऐका. काम नाकारलंत तर डिस्क परत मिळणार का आणि तपासणीचे पैसे लागणार का, तेही आधीच ठरवा. एकदा कोणी उघडलेली डिस्क पुढची लॅब बऱ्याचदा घ्यायला तयार नसते. त्यामुळे पहिली निवडच नीट करा.

डिस्क देताना तिचं बाहेरचं कव्हर, केबल सगळं सोबत द्या. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी डेटा एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवला जातो, आणि त्याची चिप डिस्कसोबतच्या सर्किट बोर्डवर असते. बोर्ड हरवला तर तबकडी शाबूत असूनही डेटा वाचणं फार अवघड होऊन बसतं. तुम्ही पासवर्ड ठेवला असेल तर तोही सांगा.

आणि आईची रेकॉर्डिंग्ज कुठल्या फोल्डरमध्ये होती, फाइल्सची नावं काय होती, जेवढं आठवेल तेवढं लिहून द्या. नवं हेडही फार काळ टिकेल याचा भरवसा नसतो. फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद, वाचता आली तर जाणकार माणूस आधी तेवढ्याच फाइल्स उचलतो आणि बाकीची डिस्क नंतर वाचतो.