“व्यायाम रोज करते, तरी शिंकलं की थेंब सुटतातच”

थेंब लघवीचे, आणि व्यायाम ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या, लघवी अडवणाऱ्या स्नायूंचा, म्हणजे केगल. हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की आता पुढचंही पाठ आहे: “वयच झालं, दुसरं काय!” त्यातल्याच एकीची ही गोष्ट, ओळख पुसून.

ती माझ्याकडे आली होती चिडचिडीसाठी. चारचौघांत जाणं तिने टाळायला सुरुवात केली होती. लघवीचा विषय निघायला बऱ्याच भेटी जाव्या लागल्या.

“व्यायाम कसा करता?”
“आवळून धरते. जमेल तितका वेळ, दिवसभर.”
“आणि सोडता कधी?”
“सोडायचं कशाला? सोडलं तर गळेल ना!”

हा व्यायाम नव्हता, पहारा होता. सवयीमागची भीती सापडल्याशिवाय सवय बदलत नाही, असं मी मानते. मी तिला मूठ घट्ट आवळायला सांगितली आणि गप्पा चालू ठेवल्या. थोड्या वेळाने म्हटलं, “आता आणखी आवळा.”

“आता कुठली आवळतेय? बोटं भरून आली,” म्हणाली, आणि आपल्याच उत्तरावर हसत सुटली. पुढचं मला समजवावं लागलंच नाही. सतत ताणलेला स्नायू थकतो, मग ऐन शिंकेच्या वेळी जोर कुठून आणणार?

तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तपासणीत कळलं की ती श्वास रोखून, वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होती. १९४८ साली अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगल यांनी हे व्यायाम मांडले, तेव्हा आकुंचन नीट होतंय का, हे ते उपकरणाने स्त्रीला दाखवत. आपण मात्र एकट्याने, अंदाजाने करतो. “पेशंट तयार करून पाठवलात,” असा फिजिओथेरपिस्टचा फोन आला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

व्यायामाची नीट पद्धत अशी: वारा आणि लघवी दोन्ही अडवतोय असं समजून आतून वर ओढायचं. पोट, मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. काही सेकंद धरायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. साधारण आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. खोकला-शिंक येणार असं वाटताच आधी आवळायचं. लघवी करताना मधेच धार अडवून सराव करू नये. पाणी तोडू नये, आणि “असू दे, जाऊन येते” म्हणत उगाच चकराही मारू नयेत. मूत्राशयाला तीच सवय लागते.

ओटीपोटात किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर स्नायू आधीच आखडलेले असू शकतात. तेव्हा आवळण्याआधी सैल सोडायला शिकावं लागतं, म्हणून आधी तपासणी. लघवीतून रक्त गेलं किंवा योनीतून काही बाहेर येतंय असं वाटलं, तर थेट डॉक्टरांकडे जा.