सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये (एकाच छपराखालच्या खाण्याच्या छोट्या दुकानांत) खरंच स्वस्तात आणि बरं खाता येतं का? सोबत आईबाबा आहेत, आई शुद्ध शाकाहारी.

येतं. बिनधास्त जा.

एवढ्यावर उत्तर संपवणार होते, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "आईबाबांना पहिल्यांदाच परदेशात नेतोय, टपरीवर जेवायला घातलं असं नको व्हायला." हे वाक्य मी सांगलीत एका मुंजीत, भर पंगतीत ऐकलंय. बोलणारे माझे मोठे दीर. "आमचा धाकटा सिंगापूरला, पगार डॉलरमध्ये, आणि रोज जेवतो गाड्यावर. बायकोनं गॅस पेटवला तर ना!" मी तेव्हा तूप वाढत होते. सगळी पंगत हसली. माझा नवराही हसला, ते वेगळंच.

आता खरी गोष्ट. आम्ही नवीन गेलो तेव्हा तोआ पायोहला एका घरात एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथे खोल्यांच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं, 'लाइट कुकिंग'. म्हणजे मॅगी करा, अंडं उकडा, फार तर कुकरला भात लावा. फोडणी नाही, तळण नाही. मी एकदा हिंग-मोहरी तडतडवली तर घरमालकीणबाई संध्याकाळपर्यंत सगळ्या खिडक्या उघड्या टाकून बसल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, घर त्यांचं होतं. पण मग जेवायचं कुठे? खाली उतरलं की हॉकर सेंटर. तिथे सकाळी शाळेची मुलं, दुपारी टॅक्सीवाले आणि टाय लावलेले बँकवाले, संध्याकाळी अख्खी कुटुंबं. ज्यांच्या घरी चांगलं मोठं स्वयंपाकघर आहे तेही तिथेच. आळशी बायकांच्या नवऱ्यांची सोय म्हणून ती जागा कुणी बांधलेली नाही.

आणि टपरी तर ती अजिबात नाही. पूर्वी तिथेही हातगाड्या रस्त्यावरच असायच्या, पाण्याची बोंब आणि खरकटं गटारात. सरकारनं 1968-69 मध्ये सगळ्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि 1971 पासून पुढची पंधराएक वर्षं त्यांना नळ, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या पक्क्या जागा बांधून तिथे हलवलं. त्याच या जागा. आज शंभरच्या वर सेंटर्स आहेत, प्रत्येक दुकानावर परवाना आणि स्वच्छतेचा दर्जा, ए, बी, सी, असा समोर लावलेला असतो. 2020 च्या डिसेंबरात युनेस्कोनं ही हॉकर संस्कृती वारशाच्या यादीत घेतली. हे मी फोनवर भाऊजींना सुनावलं होतं. ते म्हणाले, "युनेस्कोनं योगासनंही घेतलीत, मी करतो का?" काय बोलणार.

2023 च्या ऑगस्टमध्ये भाऊजी आणि वहिनी आमच्याकडे आले. वहिनी तुमच्या आईसारख्याच, अंडंसुद्धा नाही, आणि चातुर्मास म्हणून कांदा-लसूणही बंद. मी ठरवलं होतं की पहिल्याच दिवशी लिटिल इंडियातल्या टेक्का सेंटरला न्यायचं, म्हणजे दोघांनाही डोसा-इडलीची ओळखीची पाटी दिसेल. नेमकं टेक्का डागडुजीसाठी बंद. भाऊजींना तेवढंच हवं होतं. "चांगल्या हॉटेलात जाऊ, बिल मी देतो." गेलो. एसी, मखमली खुर्च्या, पनीरची ग्रेव्ही अशी की कालच्या पनीरमध्ये आज कोफ्ता सोडलाय. वहिनींना कांद्याशिवाय काही मिळेना, त्यांनी दही-भात खाल्ला. बिल दीडशे डॉलरच्या आसपास, वर सर्व्हिस चार्ज, वर जीएसटी. तेव्हा सिंगापूरचा डॉलर साठ रुपयांच्या थोडा वर होता, करा हिशोब. भाऊजींनी बिल दिलं खरं, पण नंतर परतीच्या दिवसापर्यंत ते त्या बिलाबद्दलच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न विचारता दोघांना घराखालच्या सेंटरला घेऊन गेले.

बहुतेक सेंटर्समध्ये एखादं तरी चिनी शाकाहारी दुकान असतं. हे टूरवाले तुम्हाला सांगणार नाहीत. ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी, त्यात सहसा कांदा-लसूणही नसतो. आपल्याकडच्या 'जैन मिळेल' पेक्षा जास्त भरवशाचं. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, बरेच चिनी लोक मांसाहार टाळतात, आणि त्या दिवशी या दुकानापुढे रांग लागते. वहिनींना हे सांगितल्यावर त्या एकदम सैलावल्या. "म्हणजे यांच्यातही आहे की!"

दुकानातल्या ऑंटीनं (तिथे सगळ्यांना अंकल-ऑंटीच म्हणायचं, आपल्याला काही शिकावं लागत नाही) ताटलीत परतलेल्या तांदळाच्या शेवया घातल्या, त्यावर कोबी, तळलेलं सोयाच्या सायीचं कुरकुरीत पान, आणि एक लालसर चकती. ती चकती बघून वहिनी दोन पावलं मागे. "हे मांस आहे." मी म्हटलं गव्हाच्या पिठातल्या चिवट भागाचं, म्हणजे ग्लुटेनचं आहे, मांसासारखं दिसावं म्हणून रंगवलंय. "मग रंगवतात कशाला?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. ऑंटीला इंग्रजी बेताचंच. तिनं आमची खलबतं बघितली, फ्रीजमधून पाकीट काढलं, त्यावरच्या चिनी अक्षरांवर बोट ठेवलं आणि एकेक बोट मिटत म्हणाली, "नो मीट. नो एग. नो ऑनियन. नो गार्लिक." मग चकती उचलून बाजूला ठेवली आणि जास्तीचा कोबी घातला, पैसे तेवढेच. चार डॉलरच्या आत. वहिनींनी ताटली चाटूनपुसून संपवली.

तोवर भाऊजींनी घोळ घातला होता. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट पडलं होतं. त्यांना वाटलं कुणीतरी विसरलं. त्यांनी ते फोडलं, दोन टिश्यू काढून टेबल पुसलं, एकानं कपाळ पुसलं आणि बसले. तिथे टिश्यूचं पाकीट ठेवणं म्हणजे आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणं. दोन मिनिटांत एक मुलगी हातात वाफाळता ट्रे घेऊन आली आणि आपल्या पाकिटाकडे बघत उभी राहिली. ती काही बोलली नाही, पलीकडे जाऊन बसली. मीच तिला नवीन पाकीट नेऊन दिलं.

आणि मग उठताना ट्रे. तिथे खाऊन झाल्यावर आपला ट्रे आपणच रॅकवर नेऊन ठेवायचा असतो. 2021 च्या सप्टेंबरपासून ही सक्तीच आहे, पहिल्यांदा समज देतात, पुन्हा सापडलात तर तीनशे डॉलर दंड. भाऊजी म्हणाले, "उष्टं मी उचलू? तो म्हातारा कशाला ठेवलाय मग?" तो म्हातारा, सत्तरीचा सफाईवाला, शेजारचं टेबल पुसत होता. भाऊजी ज्या सुरात बोलले तो सूर कळायला मराठी यावं लागत नाही. माझा मुलगा म्हणाला, "काका, आमच्या शाळेतपण आम्हीच उचलतो." काका ढिम्म. हे घरचे कमीपणाचे हिशोब असेच असतात बघा, बायकोनं वाढलेलं ताट उचलायचं नाही म्हणून माणूस तीनशे डॉलरला तयार होतो. मला कधीकधी वाटतं त्या मुंजीतलं वाक्य जेवणाबद्दल नव्हतंच.

असो. तुमच्या कामाचं सांगते.

टेक्का आता चालू आहे, आईंना तिथे न्या, पण रोज नको. नाहीतर इथवर येऊन डोसाच खायचा तर दादरला काय वाईट होतं? पराठ्यासारखा 'प्राता' मिळतो तो साधा, म्हणजे 'कोसोंग', मागा. त्याच्यासोबतची वाटी बऱ्याचदा माशाच्या किंवा मटणाच्या रश्शाची असते, त्यामुळे आधीच डाळ मागून घ्या. एक संध्याकाळ गेलांग सेराईच्या बाजूला हेग रोडच्या सेंटरमध्ये जा आणि पुतू पिरिंग खा. छोट्या धातूच्या साच्यात तांदळाचं पीठ, मधे ताडगुळासारखा काळपट गूळ, कापडात गुंडाळून वाफेवर ठेवतात आणि पांदानच्या पानावर, मीठ लावलेल्या ओल्या खोबऱ्याबरोबर देतात. चावलं की गूळ हनुवटीवर ओघळतो. वहिनींनी हे खाल्लं आणि कृती लिहून घेतली. भाऊजींनी तीन खाल्ले, पण "आपल्या मोदकाची सर नाही" हे म्हटल्यावरच.

बाबांना चहा लागत असेल तर 'तेह हालिया' मागा, आल्याचा असतो. नुसतं 'तेह' (चहा) किंवा 'कोपी' (कॉफी) म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घालून गोडमिट्ट येतं. साखर कमी हवी तर 'सिऊ दाई', अजिबात नको तर 'कोसोंग'. कोपी-ओ म्हणजे बिनदुधाची. हे शब्द आले की अंकल खूश होतात आणि पाठीमागच्या रांगेचा जीव भांड्यात पडतो.

स्वस्त म्हणाल तर पाटीवर जो भाव तोच द्यायचा, वर काही लागत नाही. साधं जेवण चार ते सहा डॉलर. 'लाउ पा सात' या सेंटरची जुनी ओतीव लोखंडाची इमारत देखणी आहे, पण तिथले भाव ऑफिसवाल्यांचे आणि टुरिस्टांचे, तिथे फोटो काढा आणि जेवायला दुसरीकडे जा. मॅक्सवेल नावाच्या सेंटरमधल्या चिकन राइसच्या रांगेत तुम्ही आणि बाबा उभे राहा, आईंना उसाचा रस घेऊन पंख्याखाली बसवा. एसी नसतो हे आधीच सांगून ठेवा.

आता जे आधी सांगायला हवं होतं. आईंना एकाच कढईत मांसाहार शिजतो हे चालणार नसेल तर फक्त शाकाहारी पाटीच्या दुकानातच खाऊ द्या. इतर ठिकाणी 'व्हेजिटेबल' म्हटलेल्या भाजीतही सुक्या कोळंबीचा किंवा मासळीच्या सॉसचा हात फिरलेला असतो. सांबल चटणीत कोळंबीची पेस्ट असते, चिनी रोजकमध्येही (फळं-भाज्यांचं चटपटीत मिश्रण). काया टोस्टमधल्या जॅममध्ये अंडं असतं. काही शाकाहारी दुकानंही अंडं वापरतात, म्हणून विचाराच. सकाळची दुकानं दुपारी दोनपर्यंत गुंडाळतात, काही सोमवारी बंद असतात, आणि अधूनमधून अख्खं सेंटर धुलाईसाठी बंद असतं. दोन-पाच-दहाच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, आपल्या यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. ट्रेच्या रॅकवर हलाल आणि बिगर-हलाल असे वेगळे कप्पे असतात, बघून ठेवा, तिथल्या मुसलमान लोकांसाठी ते आपल्या सोवळ्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि बाबांनी ट्रे उचलायला कां कूं केलं तर तुम्ही उचला, आईंना उचलू देऊ नका. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही ट्रे वहिनींनी नेले आणि भाऊजी घड्याळ बघत उभे होते.